मुद्दाम वाकडी रेघ: इंटरफेसमध्ये हेतुपूर्वक उणिवा आणि लपलेले बारकावे कसे ठेवावेत

बाल्सॅमिक या साधनात (ते २००८ साली आलं) स्क्रीनचा आराखडा काढला की चौकटी, बटणं, अक्षरं सगळं हाताने खरडल्यासारखं उमटतं. हे मुद्दाम केलेलं आहे. आराखडा गुळगुळीत दिसला की बैठकीतली चर्चा निळ्याची कोणती छटा हवी यावर घसरते. तोच कच्चा दिसला की लोक विचारतात, "हे बटण इथे कशाला?" म्हणजे तिथल्या वाकड्या रेघेला काम आहे. तुमच्या स्क्रीनवर उणीव ठेवणार असाल तर तिलाही काम हवं: मजकूर अजून कच्चा आहे हे सांगणं, मागे माणसाचा हात आहे हे जाणवून देणं, किंवा डोळ्याला होणारा भास दुरुस्त करणं. "जरा वेगळं दिसेल" एवढ्यासाठी ठेवलेली उणीव दोन महिन्यांत कंटाळवाणी होते.

एक हद्द आधीच आखून घ्या. विस्कटलेपण दिसण्यात चालतं, वागण्यात नाही. १ एप्रिल २०१६ रोजी जीमेलने पत्र लिहिण्याच्या खिडकीत "पाठवा"शेजारी आणखी एक बटण ठेवलं. ते दाबलं की पत्रासोबत माइक खाली टाकणाऱ्या मिनियनचं (एका कार्टून पात्राचं) हलतं चित्र जायचं आणि त्या पत्रव्यवहारातली उत्तरंही नजरेआड व्हायची. कामाच्या पत्रांवर लोकांनी सवयीने तेच दाबलं, आणि गूगलला त्याच दिवशी ते मागे घ्यावं लागलं. गंमत निरुपद्रवी होती, जागा चुकली. रक्कम, तारीख, वेळ, फॉर्मचे रकाने, चूक दाखवणारे संदेश, "पैसे भरा" आणि "काढून टाका" ही बटणं यांना अजिबात हात लावायचा नाही. तिथे सगळं सरळ, शांत आणि अपेक्षेप्रमाणेच असावं.

आधी भास, मग हौस

सर्वांत उपयोगी उणीव कोणाला दिसतच नाही. गोल बटणातला प्लेचा त्रिकोण गणिताने मधोमध ठेवला तर तो डावीकडे सरकल्यासारखा वाटतो, कारण त्याचं वजन उभ्या बाजूकडे असतं. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य उभ्या बाजूपासून रुंदीच्या एक तृतीयांशावर येतो आणि चौकटीचा मध्य अर्ध्यावर. फरक रुंदीच्या एक षष्ठांशाचा. म्हणून २४ पिक्सेल रुंद त्रिकोण ४ पिक्सेल उजवीकडे सरकवा. टोक वर्तुळाच्या कडेला फार भिडत असेल तर ३ वर थांबा.

आयकॉनचंही तसंच. गूगलच्या मटेरियल या डिझाइन पद्धतीत २४ पिक्सेलच्या चौकटीत चौरस १८ चा, वर्तुळ २० व्यासाचं आणि उभा आयत १६ बाय २० चा धरतात. सगळे १८ चे केले तर मोजपट्टीवर समान भरतील, पण वर्तुळ बारकं दिसेल.

देवनागरी बटणांत वेगळीच अडचण येते. फॉन्टने वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा राखलेली असते, ती प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळी, त्यामुळे मजकूर वर किंवा खाली बसलेला वाटतो. बटणावर "जतन करा" लिहा. यात वर-खाली काहीच नाही. स्क्रीनशॉट मोठा करून शिरोरेषेपासून वरच्या कडेपर्यंतचं आणि अक्षराच्या तळापासून खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ४८ पिक्सेल उंच बटणात वर १९ आणि खाली १५ आलं, तर फरक ४ चा, त्याच्या निम्मे २. वरचं पॅडिंग (मजकूर आणि कड यांतली मोकळी जागा) २ ने कमी, खालचं २ ने जास्त. बटणाची उंची तेवढीच राहते. मग "नोंदणी" आणि "पाठवू" हे शब्द टाकून पाहा, पण शब्दागणिक पॅडिंग बदलू नका. शेजारशेजारच्या दोन बटणांची शिरोरेषा एका ओळीत असणं जास्त महत्त्वाचं.

रेघ वाकडी करायचे मार्ग

सर्वांत स्वस्त मार्ग सीएसएसचा, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा. बॉर्डर-रेडियसला (कोपऱ्यांच्या गोलाईला) आठ किमती देता येतात: चार आडव्या, मग तिरपी रेघ, मग चार उभ्या. हाताने काढल्यासारख्या चौकटीसाठी वर्षानुवर्षं चालत आलेला आकडा असा: २५५ १५ २२५ १५ / १५ २२५ १५ २५५, सगळे पिक्सेलमध्ये. मोठ्या कार्डावर झकास दिसतो. लहान बटणावर मात्र बिघडतो, आणि का बिघडतो ते बहुतेकांना कळत नाही. एका बाजूच्या दोन कोपऱ्यांची बेरीज बाजूच्या लांबीपेक्षा जास्त झाली की ब्राउझर आठही किमती एकाच प्रमाणात कमी करतो. ४४ उंच बटणावर डाव्या बाजूची बेरीज २७०, म्हणून सगळ्या किमती साधारण सहाव्या हिश्श्यावर येतात. १५ चे अडीचदेखील उरत नाहीत आणि लांबलचक आडवा बाक ४१ वर आटोपतो. लहान बटणासाठी किमती वेगळ्या काढाव्याच लागतात. ४४ उंच, १२० रुंद बटणाला ११० ८ १०० ८ / ४ ३६ ४ ४० चालेल.

दुसरा मार्ग एसव्हीजी (रेघांच्या सूत्रांनी बनणारं चित्र) फिल्टरचा: फीटर्ब्युलन्सने खडबडीत पोत तयार करायचा आणि फीडिस्प्लेसमेंटमॅपने त्या पोतानुसार रेघ हलवायची. सुरुवात बेसफ्रिक्वेन्सी ०.०२, ऑक्टेव्ह (पोताचे थर) २, स्केल (रेघ किती हलावी) ३ अशी करा. बेसफ्रिक्वेन्सी ०.०२ म्हणजे साधारण ५० पिक्सेलला एक लाट, ०.१ केलं तर रेघ हातची न वाटता कुरतडलेली वाटते. टाइप फ्रॅक्टलनॉइज ठेवा, नाहीतर आकार वाकडा होण्याबरोबर एका बाजूला सरकतोही. आडव्या-उभ्या दिशांसाठी चॅनल आर आणि जी असे स्पष्ट लिहा. न लिहिल्यास दोन्हीकडे अल्फा धरला जातो आणि सगळं एकाच तिरक्या दिशेत हलतं.

याच फिल्टरचा आणखी एक बारीक काटा आहे. फिल्टरची चौकट मूळ आकाराच्या प्रमाणात मोजली जाते, चहूबाजूंनी १० टक्के. अगदी आडव्या रेघेची उंची शून्य, म्हणून तिला फिल्टर लावला की रेघच गायब होते. फिल्टरयुनिट्स "यूजरस्पेसऑनयूज" करून चौकट स्वतः द्या. शिवाय फिल्टर फक्त चित्र हलवतो, क्लिकची जागा हलवत नाही. ते आपल्या पथ्यावरच पडतं, पण स्केल ८-१० वर नेलंत तर दिसणारी कडा आणि दाबली जाणारी कडा वेगळ्या होतात. बटणाला थेट फिल्टर लावू नका. सीएसएसने बटणामागे तयार होणाऱ्या बिफोर घटकावर चौकट काढा आणि फिल्टर तिलाच लावा; अक्षरं स्वच्छ राहतील.

तिसरा मार्ग रफ.जेएस, म्हणजे खरडल्यासारख्या आकृत्या काढणारा जावास्क्रिप्टचा तयार कोड. एक्सकॅलिड्रॉ या आकृत्या काढण्याच्या साधनातल्या खरडलेल्या आकृत्या यानेच उमटतात. रफनेस (खडबडीतपणा) आणि बोइंग (रेघेचा बाक) दोन्ही मुळात १ असतात. आलेख आणि चौकटींसाठी ०.५ ते १.५ पुरे, २ च्या वर सगळं पोरखेळ वाटू लागतं. प्रत्येक रेघ दोनदा काढली जाते हे लक्षात ठेवा. तक्त्यांच्या बारीक रेघांत त्याने गिचमिड होते, तिथे "डिसेबलमल्टिस्ट्रोक" चालू करा.

रँडम, पण कायमचं

नव्वद टक्के प्रयोग इथे फसतात असं म्हटलं तर फार चुकणार नाही. जावास्क्रिप्टच्या मॅथ.रँडमने (ते दर वेळी नवा आकडा देतं) कार्डाचा कल ठरवला की पान उघडताक्षणी प्रत्येक वेळी कार्ड वेगळं कलतं. ते हातचं वाटत नाही, सैल स्क्रूचं वाटतं. हाताने चिकटवलेला कागद रोज सकाळी नव्या कोनात नसतो. शिवाय रिअ‍ॅक्टसारख्या साधनात पान आधी सर्व्हरवर आणि मग ब्राउझरमध्ये रचलं जात असेल, तर सर्व्हर एक आकडा काढतो, ब्राउझर दुसरा. मग इशारा येतो आणि पान डोळ्यांदेखत हलतं. स्क्रीनशॉटची तुलना करणाऱ्या चाचण्याही रोज नापास होतात.

उपाय बीज ठरवण्याचा. बीज म्हणजे ज्यावरून रँडम आकडे निघतात तो सुरुवातीचा आकडा; बीज तेच तर आकडेही तेच. प्रत्येक वस्तूच्या आयडीवरून एक पूर्णांक काढा आणि तोच बीज म्हणून द्या: रफ.जेएसमध्ये सीड, फीटर्ब्युलन्समध्येही सीड. रफ.जेएसमध्ये बीज ० दिलं तर ते "बीज नाही" असं धरलं जातं आणि आकृती पुन्हा दर वेळी बदलू लागते. म्हणून काढलेल्या आकड्यात १ मिळवा. शंभरातली एकच आकृती थरथरताना दिसली तर आधी हे तपासा.

जावास्क्रिप्ट नको असेल तर सीएसएसच्या एनथ-चाइल्डने (ठरावीक क्रमाच्या घटकांना वेगळं रूप देणारा नियम) काम भागतं. कलाचे ३ प्रकार, कडेचे ५, सावलीचे ७ ठरवा आणि प्रत्येक आपापल्या चक्रात फिरू द्या. या तिघांना सामाईक विभाजक नाही, म्हणून तोच संयोग १०५ कार्डांनंतर पुन्हा येतो. तोवर कोणाच्या लक्षात येत नाही.

निव्वळ रँडमवर विसंबू नका हे दुसरं. लागोपाठ चार कार्डं डावीकडे कलली की चूक झाल्यासारखं दिसतं. स्पॉटिफायने २०१४ मध्ये गाणी मिसळण्याची पद्धत बदलली ती याच कारणाने; खऱ्या रँडममध्ये एकाच कलाकाराची गाणी सलग येतात आणि ऐकणाऱ्याला ते रँडम वाटत नाही. कार्डांसाठी सोपा नियम: दिशा आळीपाळीने बदला, कोन तेवढा रँडम ठेवा.

कोन ०.७ ते १.५ अंशांत असावा. अर्ध्या अंशाहून कमी कल ही चूक वाटते, दोनाच्या पुढे वाचताना मान वाकडी होते. हेच सरकवण्यालाही लागू आहे: १-२ पिक्सेल बाहेर गेलेली गोष्ट दुरुस्त करावीशी वाटते, ८ पिक्सेल बाहेर गेलेली गोष्ट ठरवून ठेवलेली वाटते. ४०० पिक्सेल उंच कार्ड १.५ अंशांनी कललं की त्याची रुंदी सुमारे १० पिक्सेलने वाढते, हेही हिशोबात धरा. फोनवर कार्ड पूर्ण रुंदीचं असेल तर पान आडवं सरकू लागतं. ४८० पिक्सेलच्या खाली कल शून्य करून टाकावा, कोणी तक्रार करत नाही.

देवनागरीला काय सोसत नाही

इंग्रजी पानांवर प्रत्येक अक्षर वेगळं करून थोडं वर-खाली हलवण्याची युक्ती लोकप्रिय आहे. ती देवनागरीला लावू नका. कोडमध्ये शब्द साधेपणाने तोडला तर "कि" ची वेलांटी सुटी पडते आणि जोडाक्षरं हलंतासकट फुटतात. इंटल.सेग्मेंटर (शब्दाची अक्षरं पाडणारी ब्राउझरची सोय) वापरलं तरी जुन्या ब्राउझरांत "क्ष"चे दोन तुकडे होतात. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. आणि तुकडे बिनचूक पडले तरी शिरोरेषा तुटायची ती तुटतेच. लेटर-स्पेसिंगने (अक्षरांतलं अंतर वाढवण्याने) हेच होतं.

म्हणून हलवायचं तर अख्खा शब्द हलवा, किंवा मथळ्याला आधी सांगितलेला एसव्हीजी फिल्टर लावा. फिल्टर रंगवून झालेल्या मजकुरावर चालतो, त्यामुळे शिरोरेषा अखंड राहून हलकीशी लहरते. ४० पिक्सेलच्या मथळ्याला स्केल २ पुरतं. १८ च्या मजकुराला फिल्टर नको, अनुस्वार आणि नुक्ते पुसट होतात.

हस्ताक्षरासारखा फॉन्ट हवा असेल तर "कलम"मध्ये देवनागरी आहे. चिठ्ठी, टीप, चित्राखालची ओळ इथे तो शोभतो. मोठ्या मथळ्यात शेजारचे दोन "क" हुबेहूब सारखे आले की यंत्र उघडं पडतं; तिथे सरळ कोणाकडून तरी हाताने लिहून घ्या, एसव्हीजी करा आणि पर्यायी मजकूर द्यायला विसरू नका.

लपलेला बारकावा म्हणाल तर मराठी पानावर याहून चांगला नाही: पानाची भाषा "एमआर" (मराठीची सांकेतिक खूण) अशी नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर "ल" पाकळीचा आणि "श" देठाचा होतो. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातली वळणं हीच. "लक्ष" आणि "शाळा" हे शब्द एकदा मराठी आणि एकदा हिंदी अशी भाषा लावून शेजारी ठेवा, लगेच कळेल. बरेच जण पानाची भाषा इंग्रजी किंवा हिंदीच सोडून देतात. सोबत "दऱ्या" आणि "दर्या" हेही तपासा. पहिल्यात आडवा रफार नीट उमटला नाही तर तो फॉन्ट मराठीसाठी बाद.

दुव्याखालची रेघ उकारांना कापत जाते, म्हणून अंडरलाइन-ऑफसेट (रेघेचं अंतर) ०.२५ एम, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पाव, ठेवा आणि स्किप-इंक (अक्षर आडवं आलं की रेघ तोडणारी सोय) ऑटो असू द्या.

वारलीचं चित्र आणि मेलेले त्रिकोण

पर्यटन, शेती, हस्तकला यांच्या मराठी संकेतस्थळांवर वारली माणसं हमखास दिसतात, आणि बहुतेक वेळा निर्जीव दिसतात. कारण त्रिकोण साधनातल्या त्रिकोणाने काढलेला असतो. भिंतीवर तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने काढलेल्या त्रिकोणाच्या बाजू समान नसतात, रेघ जिथे काडी टेकते तिथे जाड आणि पुढे बारीक होते, दोन त्रिकोण कमरेशी नेमके एका बिंदूत भेटतही नाहीत. हे वारली कलाकाराकडून कागदावर काढून घेणं सर्वांत उत्तम. या कलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि नकलेपेक्षा तो मार्ग सरळही आहे.

कागद ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि ट्रेस करताना "सिम्प्लिफाय"ला हात लावू नका, तेच बटण सगळा जीव काढून घेतं. फाइल मोठी होईल. एसव्हीजीओ या साधनाने ती लहान करताना व्ह्यूबॉक्स (चित्राची आखलेली चौकट) २४ चा असेल तर दशांशाची दोन स्थळं तरी ठेवा. शून्य केलीत तर वाकडेपणा पूर्णांकांना चिकटून नाहीसा होतो. तारपा नाचाच्या फेऱ्यात बारा माणसं असतील तर किमान चार वेगवेगळी काढून घ्या. एकच माणूस बारा वेळा फिरवलेला ओळखू येतो. आणि हे सगळं ९६ पिक्सेलच्या वरच्या चित्रांसाठी. २४ च्या आयकॉनमध्ये हातची रेघ फक्त धूसर दिसते, तिथे साधा सरळ आयकॉन घ्या.

लपवायचं काय, आणि कुठे

अटारीच्या अ‍ॅडव्हेंचर या खेळात वॉरन रॉबिनेटने १९८० च्या सुमारास एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव लपवलं, कारण कंपनी रचनाकारांची नावं छापत नसे. एक्सेल ९७ मध्ये विमान उडवण्याचा अख्खा खेळ दडलेला होता. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विश्वासार्हतेची मोहीम हाती घेतल्यावर असले प्रकार बंद झाले, आणि ते योग्यच होतं: नोंद नसलेला, न तपासलेला कोड ग्राहकाच्या संगणकावर का असावा? क्रोममधला २०१४ चा डायनोसॉर मात्र टिकला. नेट नसताना दुसरं काही करण्यासारखं नसतं, खेळ कोणाच्या वाटेत येत नाही, आणि शाळा-कार्यालयांच्या व्यवस्थापकांना तो बंद करण्याची सोय दिलेली आहे.

यातून कामाचे नियम निघतात. न सापडणाऱ्यावर भार नको: गुप्त भागाचा कोड आणि चित्रं, तो उघडल्यावरच उतरवा. कळांची साखळी (कोनामी या खेळ-कंपनीची वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए) ऐकत असाल तर रकान्यात टायपिंग चालू असताना आणि "इजकंपोजिंग" खरं असताना (म्हणजे अक्षर अजून जुळत असताना) दुर्लक्ष करा. कळ ओळखायला "की" (उमटलेलं अक्षर) न वापरता "कोड" (कळेची जागा) वापरा. इन्स्क्रिप्ट मांडणीत बीच्या कळेवर "व" आणि एच्या कळेवर ओकार येतो, त्यामुळे मराठीत टाइप करणाऱ्याला तुमची गंमत कधीच सापडणार नाही. दोन कळांत २ सेकंदांहून जास्त वेळ गेला तर साखळी पहिल्यापासून. एस्केपने बंद व्हावं आणि फोकस होता तिथे परत यावा. फोनवर कळा नाहीत, तिथे बोधचिन्हावर ५ टिचक्या चालतात, पण बोधचिन्ह मुखपृष्ठाचा दुवा असेल तर पहिल्याच टिचकीला पान बदलतं. पानाच्या तळपट्टीतलं चिन्ह निवडा.

सणावाराचे बारकावे करताना तारीख कोडमध्ये कोरू नका. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन ठरलेला आहे, गुढीपाडवा नाही: २०२५ मध्ये ३० मार्च, २०२६ मध्ये १९ मार्च. दरवर्षीची तारीख वेगळ्या तक्त्यात ठेवा. दिवस वाचणाऱ्याच्या घड्याळाने धरा, सर्व्हरच्या नाही, नाहीतर न्यू जर्सीतल्या माणसाला गुढी आदल्या दुपारी दिसते.

हालचाल असेल तर "प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन" (हालचाल कमी हवी ही वाचणाऱ्याची निवड) पाळा आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काहीही चमकू देऊ नका. नुसत्या सजावटीला एरिया-हिडन (पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांपासून लपवणारी खूण) लावा.

तपासणी आणि हवाली करणं

जुनाट १एक्स (कमी घनतेचा) पडदा, ३२० पिक्सेल रुंदी, २०० टक्के झूम, गडद रंगसंगती आणि स्वस्तातला अँड्रॉइड फोन, एवढ्यांवर पाहा. गडद पार्श्वभूमीवर कागदी पोत फार उठून दिसतो. उजळ रंगसंगतीत त्याचा गडदपणा ५ टक्के ठेवला असेल तर गडद रंगसंगतीत २ वर आणा. मग प्रकल्पाशी संबंध नसलेल्या पाच जणांना स्क्रीन दाखवा आणि "काय दिसतंय?" एवढंच विचारा. एकानेही "हे जरा वाकडं झालंय" म्हटलं तर उणीव अर्धवट आहे: वाढवा किंवा काढा.

शेवटचा धोका घरातलाच. सहा महिन्यांनी नवा सहकारी येतो, प्लेचा त्रिकोण ४ पिक्सेल उजवीकडे पाहतो आणि आपुलकीने मधोमध आणून ठेवतो. म्हणून असा प्रत्येक आकडा नावाच्या चलात ठेवा ("दृष्टिभास-दुरुस्ती-प्ले", "कार्ड-मुद्दाम-कल"), शेजारी एका ओळीत कारण लिहा, आणि डिझाइनच्या फाइलीत त्याच जागी तीच टीप टाका. गुप्त गोष्टींची यादी चाचणी करणाऱ्यांकडे आणि मदतकक्षाकडेही द्या. ग्राहकाने फोन करून "पडद्यावर बैल पळतोय" सांगितलं तर पलीकडच्याला तो कशाने थांबतो हे माहीत असायला हवं.